बुद्धिबळाची इंजिने आणि बरोबरीचा शेवट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपले डाव इंजिनकडून तपासून घेणारे खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि स्वतःचा बॉट चालवणारे हौशी प्रोग्रॅमर एकाच विषयाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. पटावर मोजके मोहरे उरलेले असताना इंजिन जे सांगते त्यावर किती भिस्त ठेवावी, आणि बरोबरी नेमकी कोणत्या क्षणी मान्य करावी? खालील उत्तरे मुख्यतः स्टॉकफिश आणि लीला या दोन मुक्त इंजिनांना धरून लिहिली आहेत. इतर इंजिनांचे तपशील वेगळे असले तरी मूळ अडचणी त्याच आहेत.

इंजिन ०.०० दाखवत आहे. म्हणजे डाव बरोबरीत सुटला असे धरून चालावे का?

नाही. ०.०० हा आकडा वेगवेगळ्या कारणांनी पडद्यावर येतो आणि त्या सगळ्या कारणांचे वजन सारखे नसते. कधी इंजिनला असा मार्ग सापडलेला असतो की एका बाजूला सतत शह देता येतात किंवा तीच स्थिती पुन्हा पुन्हा आणता येते, आणि तो मार्ग टाळू पाहणाऱ्याचेच नुकसान होते. कधी ती स्थिती, किंवा शोधाच्या टोकाला लागणाऱ्या स्थिती, टेबलबेसमध्ये, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांच्या संचात, सापडतात. तिथे बरोबरी हा अंदाज नसून सिद्ध झालेली गोष्ट असते. आणि कधी यांपैकी काहीच नसते, केवळ दोन्ही बाजूंची पारडी इंजिनला सारखी वाटत असतात. या शेवटच्या शून्यात भरपूर खेळ शिल्लक असू शकतो.

सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेला जगज्जेतेपदाचा चौदावा डाव आठवून पाहावा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डी. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, दोघांकडेही एक हत्ती आणि एकाच रंगाच्या घरांवरून चालणारा एकेक उंट होता, आणि इंजिने स्थिती बरोबरीची असल्याचे सांगत होती. ते सांगणे चुकीचे नव्हते. डिंग लिरेनने ५५ व्या खेळीत हत्ती एफ२ वर नेला, त्यामुळे हत्तींपाठोपाठ उंटांचीही मारामारी सक्तीने होणार हे ठरले, आणि उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याला सरळ जिंकता येणारा होता. शून्य हा आकडा दोन्ही बाजू अचूक खेळतील असे गृहीत धरून दिलेला असतो. अचूक खेळणे कितपत अवघड आहे, हे त्यात कुठेच नोंदलेले नसते.

शून्य कोणत्या जातीचे आहे हे ओळखायचे असेल, तर आकड्याशेजारी दिलेली खेळ्यांची ओळ वाचावी. त्यात त्याच त्या खेळ्या उलटसुलट येत असतील तर ते पुनरावृत्तीचे शून्य आहे. इंजिनच्या माहितीत टेबलबेसला किती वेळा विचारणा झाली याचाही आकडा येतो. तो झपाट्याने वाढत असेल तर निर्णय बहुधा सिद्ध स्थितींवर टेकलेला आहे.

मुळात हा आकडा मोजतो काय?

पूर्वी +१.०० म्हणजे एका प्याद्याइतका वरचष्मा असा ढोबळ अर्थ होता. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ पासून तो नव्याने बसवण्यात आला, आणि +१.०० म्हणजे तुल्यबळ इंजिनांच्या सामन्यात त्या स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ ठरला. पुढच्या आवृत्त्यांत पटावर किती मोहरे उरले आहेत याचाही त्या हिशेबात विचार होऊ लागला.

शेवटाच्या खेळाकडे पाहताना या एका आकड्यापेक्षा विजय, बरोबरी आणि पराभव यांची तीन पदरी शक्यता अधिक उपयोगी पडते. स्टॉकफिशमध्ये हा पर्याय चालू केला की हजारातून तीन आकडे मिळतात, आणि लीलाचे न्यूरल नेटवर्क तर मुळातच या तीन शक्यतांच्या भाषेत उत्तर देते. समजा एका स्थितीत ३०, ९६५ आणि ५ असे आकडे आले आणि दुसरीत ३१०, ४०५ आणि २८५. दोन्हींत विजय आणि पराभव यांतला फरक सारखाच, म्हणजे २५ आहे. तरीही पहिली स्थिती जवळजवळ संपलेली आहे आणि दुसरीत अजून दोघांनाही जिंकता वा हरता येईल. बरोबरी स्वीकारण्याचा निर्णय एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवायचा असेल, तर त्याला मधला आकडा दिला पाहिजे. हे साधे पथ्य फार थोडे लोक पाळतात.

शोध चालू असताना इंजिनला बरोबरी कशी कळते?

काही गोष्टी सरळ आहेत. शह नसताना एकही कायदेशीर खेळी उरली नसेल तर स्टेलमेट. मात करण्याइतके मोहरेच दोघांकडे नसतील तर बरोबरी. प्यादे न हलता आणि काहीही न मारता दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास खेळ्या झाल्या तर बरोबरी. पुनरावृत्तीच्या बाबतीत मात्र इंजिने नियमाच्या एक पाऊल पुढे असतात. नियमाप्रमाणे तीच स्थिती तीनदा यावी लागते, पण शोधाच्या झाडात एखादी स्थिती दुसऱ्यांदा दिसली की बहुतेक इंजिने तिथेच बरोबरी धरतात. एकदा मागे जाऊन तिथेच यावे लागले, तर पुन्हाही तेच होईल, असा त्यामागचा तर्क आहे.

अडचण येते ती स्मृतीतक्त्यामुळे. आधी तपासलेल्या स्थितींची उत्तरे इंजिन एका तक्त्यात ठेवते, आणि त्या तक्त्यातील ओळख पटावरच्या मांडणीवरून ठरते. ही मांडणी कोणत्या मार्गाने आली, पन्नास खेळ्यांच्या मोजणीत आपण कुठे आहोत, हे त्या ओळखीत सहसा पूर्णपणे येत नाही. त्यामुळे एका मार्गाने जिंकणारी स्थिती दुसऱ्या मार्गाने बरोबरीची असूनही इंजिन तिचे जुने उत्तर उचलून आणू शकते. स्टॉकफिश यावर दोन लहान उपाय योजते. मोजणी जसजशी पन्नासच्या दिशेने सरकते तसतसे मूल्यांकन शून्याकडे ओढले जाते, म्हणून जिंकणारी बाजू वेळेत प्यादे हलवण्याचा विचार करू लागते. शिवाय शोधातील बरोबरीला नेमके शून्य न देता अगदी किंचित अधिक किंवा उणे मूल्य दिले जाते, जेणेकरून सगळ्याच बरोबऱ्या एकसारख्या दिसून शोध एका जागी अडकू नये.

एक मोहरा जास्त असूनही बरोबरी होते अशा स्थिती इंजिन ओळखते का?

जुन्या, प्रसिद्ध स्थिती ओळखते. पांढऱ्याकडे ए पट्टीवरचे प्यादे आणि काळ्या घरांवरून चालणारा उंट आहे, काळ्याकडे एकटा राजा आहे, पण तो ए८ च्या कोपऱ्यात जाऊन बसला आहे, असे समजा. ए८ हे पांढरे घर असल्यामुळे उंटाला त्यावर मारा करताच येत नाही, आणि प्याद्याचा वजीर करण्याच्या प्रयत्नात शेवटी स्टेलमेट होते. दोन घोड्यांनी एकट्या राजाला सक्तीने मात करता येत नाही, हेही प्रत्येक इंजिनाला ठाऊक असते. बचाव करणाऱ्याकडे एखादे प्यादे असेल तर मात्र काही स्थितींत दोन घोडे जिंकतात, कारण स्टेलमेटची पळवाट बंद होते. रशियन अभ्यासक अलेक्सी ट्रॉइत्स्की यांनी ते प्यादे कुठवर थोपवले पाहिजे याची रेषाच आखून दिली आहे.

पूर्वी अशी माहिती माणसांनी हाताने लिहून इंजिनात घातलेली असे. स्टॉकफिशच्या जुन्या आवृत्त्यांत मूल्यांकनाला ६४ पैकी काही अंशांनी गुणण्याची सोय होती, आणि विरुद्ध रंगाच्या उंटांचा शेवट आला की तो गुणक खाली येई. सप्टेंबर २०२० मधील स्टॉकफिश १२ पासून न्यूरल नेटवर्कवर चालणारे मूल्यांकन आले. त्याची मूळ कल्पना यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी मांडली होती. आता हे ज्ञान वेगळ्या सूत्रांत नसून नेटवर्कच्या आकड्यांत मुरलेले असते. त्याचा फायदा असा की न लिहिलेल्या स्थितीही ते ओळखते. तोटा असा की ते का ओळखते हे विचारायची सोय राहिलेली नाही.

तटबंदी म्हणजे काय, आणि इंजिन तिथे का फसते?

मोहऱ्यांच्या हिशेबात मागे असलेली बाजू कधी कधी अशी मांडणी उभी करते की वरचढ बाजूला आत शिरायला घरच उरत नाही. माणूस अशा मांडणीकडे पाहून म्हणतो, ‘इथून कुणी आत येऊच शकत नाही.’ इंजिन तसे म्हणत नाही. ते खेळ्या मोजते, आणि आत शिरता येत नाही हे खेळ्या मोजून सिद्ध करायचे तर पन्नास खेळ्यांच्या नियमापर्यंत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून शंभर खेळ्यांपर्यंत पोचावे लागते. तेवढ्या खोलीवर सगळ्या फांद्या तपासणे शक्य नसते, त्यामुळे ते दर पातळीवर मोहऱ्यांचा वरचष्मा पाहून ‘अजून जिंकतो आहे’ असेच सांगत राहते.

मार्च २०१७ मध्ये रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेले कोडे याच प्रकारचे होते. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि काळ्या घरांवरून चालणारे तीन उंट. पांढऱ्याकडे केवळ राजा आणि चार प्यादी. पण काळ्याचा राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेले आहेत, मोकळे आहेत ते फक्त उंट, आणि पांढऱ्याचा राजा पांढऱ्या घरांवरून फिरत राहिला तर त्याला त्या तिन्ही उंटांची भीती नाही. त्या वेळची इंजिने काळ्याला प्रचंड वरचढ ठरवत होती. मानवी बुद्धीचे वेगळेपण दाखवण्यासाठी हे कोडे मांडले गेले. आमच्या मते त्यातून शोधाच्या पद्धतीची एक मर्यादा तेवढी दिसते. त्याहून मोठा निष्कर्ष त्यावर रचणे जरा धाडसाचे आहे.

तटबंदी ओळखायची एक कामचलाऊ खूण अशी की शोधाची खोली वाढत जाते, पण आकडा +२.५ सारख्या एखाद्या ठिकाणी खिळून राहतो आणि सुचवलेल्या खेळ्या निरुद्देश वाटू लागतात. अशा वेळी इंजिनने सुचवलेल्या दहा-पंधरा खेळ्या पटावर खेळवून पुन्हा तपासावे. खरा विजय असेल तर आकडा चढतो.

याउलटही घडते. जगज्जेतेपदाच्या २०१८ च्या लंडनमधील सामन्यात सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांसह खेळणाऱ्या फाबियानो कारुआनाकडे एक मोहरा जास्त होता, पण मॅग्नस कार्लसनने आता बचाव पक्का केला आहे असे पाहणाऱ्यांना वाटत होते. नॉर्वेमधील सेसे नावाच्या संगणकावर चालणाऱ्या स्टॉकफिशने मात्र ६८ व्या खेळीत उंट एच४ वर नेऊन आणि पुढे घोडा जी१ या कडेच्या घरात घालून जिंकण्याचा मार्ग दाखवला. स्वतःचा घोडा कोंडून घेणारी ती खेळी पटावर बसलेल्या माणसाला सुचणे जवळजवळ अशक्य होते, आणि डाव ८० खेळ्यांत बरोबरीत सुटला. माणसाला भिंत दिसते तिथे भेग असू शकते, म्हणून तटबंदीच्या बाबतीत माणूस नेहमी बरोबर असतो असाही समज करून घेऊ नये.

टेबलबेस म्हणजे नेमके काय? त्यात चूक होऊ शकते का?

टेबलबेस ही ठरावीक मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींची आधीच काढून ठेवलेली उत्तरे आहेत. ती उलट दिशेने काढली जातात: आधी मात झालेल्या सर्व स्थिती घ्यायच्या, मग कोणत्या स्थितींतून एका खेळीत तिथे पोचता येते ते शोधायचे, मग दोन खेळ्यांत, आणि असे मागे मागे जायचे. ज्या स्थितींना विजय किंवा पराभव असा शिक्का कधीच बसत नाही त्या बरोबरीच्या. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९७७ मध्ये वजीर विरुद्ध हत्ती या शेवटाचा असा संच प्रसिद्धीस आणला. आज सर्वाधिक वापरला जाणारा सिझिजी संच रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये तयार केला, आणि त्याचे सात मोहऱ्यांचे रूप २०१८ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही राजे धरून सात मोहरे, आणि स्थिती ४२३ लाख कोटींच्या आसपास. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर २०१२ मध्ये तयार झालेल्या सात मोहऱ्यांच्या संचाला सुमारे १४० टेराबाइट जागा लागे. सिझिजीला सतरा-अठरा टेराबाइट पुरतात, कारण तो मात होईपर्यंतच्या खेळ्या न मोजता पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती दूर आहे एवढेच मोजतो.

नीट तपासलेल्या संचात बरोबरी म्हणजे बरोबरीच. राजा आणि हत्ती यांची किल्लेकोट करण्याची मुभा शिल्लक असलेल्या स्थिती त्यात धरलेल्या नसतात, पण शेवटाच्या खेळात तसे क्वचितच घडते.

‘शापित विजय’ हा काय प्रकार आहे?

टेबलबेस जिंकता येते असे सांगतो, पण तो विजय मिळवण्याच्या आधीच पन्नास खेळ्यांचा नियम लागू होतो, अशा स्थितीला शापित विजय म्हणतात. तिच्याच दुसऱ्या बाजूला बसलेल्याचा तो वरदान मिळालेला पराभव. म्हणून सिझिजीची उत्तरे तीन नसून पाच प्रकारची असतात. सात मोहऱ्यांत सर्वांत लांब मात ५४९ खेळ्यांची निघाली, आणि ती प्रत्यक्ष डावात उपयोगाची नाही.

या प्रश्नाने नियम करणाऱ्यांनाही बराच त्रास दिला आहे. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट शतकाहून अधिक काळ बरोबरीचा मानला जाई, कारण क्लिंग आणि होरविट्झ यांनी १८५१ मध्ये बचावाची एक पक्की वाटणारी मांडणी दाखवली होती. थॉम्पसन यांच्या १९८३ च्या गणनेने ती मांडणीही फोडता येते, पण त्यासाठी ६६ पर्यंत खेळ्या लागू शकतात, हे दाखवले. त्यानंतर फिडेने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, काही शेवटांसाठी खेळ्यांची मर्यादा वाढवून पाहिली आणि १९९२ मध्ये सर्व अपवाद रद्द करून पुन्हा सरसकट पन्नासवर आणली. तो निर्णय शहाणपणाचा होता असे आम्हाला वाटते: यंत्राला सापडलेल्या प्रत्येक लांबच लांब विजयासाठी दोन माणसांना रात्रभर बसवून ठेवण्यात खेळाचे काही भले नाही.

पत्राद्वारे किंवा सर्व्हरवर महिनोन्‌महिने खेळल्या जाणाऱ्या आयसीसीएफ या पत्र-बुद्धिबळ महासंघाच्या डावांची गोष्ट वेगळी आहे. तिथे टेबलबेसच्या आधारे विजयाचा किंवा बरोबरीचा दावा करता येतो आणि अशा दाव्याला पन्नास खेळ्यांची आडकाठी नसते. स्टॉकफिशमध्ये हा नियम टेबलबेसपुरता बंद करण्याचा पर्याय त्यासाठीच आहे. समोरासमोर खेळलेल्या डावाची तपासणी करताना तो चालूच ठेवावा.

टेबलबेसने बरोबरी सांगितल्यावर खेळत राहण्यात काही अर्थ आहे का?

समोर माणूस असेल तर निश्चित आहे. दुबईत ३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झालेला कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ खेळ्या चालला; जगज्जेतेपदाच्या इतिहासातील तो सर्वांत लांब डाव. अखेरच्या टप्प्यात कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी होती, नेपोम्नियाचीकडे एकटा वजीर. सात मोहऱ्यांची ती स्थिती टेबलबेसप्रमाणे बरोबरीची होती आणि १३० व्या खेळीत वजीर ई६ वर जाईपर्यंत तशीच राहिली. त्यानंतर ती हरलेली होती. हत्ती आणि उंट विरुद्ध एकटा हत्ती हा शेवटही बहुतांश बरोबरीचा, तरीही ग्रँडमास्टर तो हरत आले आहेत.

जिंकलेल्या स्थितीतही हीच तफावत दिसते. थॉम्पसन यांचा वजीर विरुद्ध हत्तीचा संच हत्तीच्या बाजूने बचावाला बसला तेव्हा अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांना वजीर असूनही पहिल्या प्रयत्नात पन्नास खेळ्यांत जिंकता आले नाही. अभ्यास करून दुसऱ्यांदा बसल्यावर ते जेमतेम पन्नासाव्या खेळीत यशस्वी झाले.

टेबलबेसला अवघड आणि सोपे हा भेद कळत नाही. बरोबरी राखणाऱ्या वीस खेळ्या असतील तर त्याच्या लेखी त्या वीसही सारख्या. त्यामुळे केवळ टेबलबेसवर चालणारा बॉट बरोबरीच्या स्थितीत कसल्याही विचित्र खेळ्या करतो आणि प्रतिस्पर्ध्याला चुकण्याची संधीच देत नाही. टेबलबेसने चुकीच्या खेळ्या गाळाव्यात आणि उरलेल्यांतून निवड नेहमीच्या शोधाने करावी, ही पद्धत बरी.

बरोबरीचा प्रस्ताव आल्यावर इंजिन तो स्वीकारते की नाकारते?

बहुतेक वेळा दोन्ही नाही, कारण त्याला प्रस्ताव आलेलाच कळत नाही. आज जवळजवळ सर्व इंजिने यूसीआय या संवादपद्धतीने बोलतात. ती श्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी २००० मध्ये मांडली, आणि तिच्यात बरोबरी देण्याची किंवा घेण्याची आज्ञाच नाही. इंजिनला स्थिती दिली जाते, ते खेळी आणि आकडा परत करते. पुढचे सगळे त्याला चालवणारा प्रोग्रॅम ठरवतो. त्याआधीच्या एक्सबोर्ड पद्धतीत मात्र प्रस्ताव इंजिनापर्यंत पोचतो आणि इंजिनही प्रस्ताव देऊ शकते.

म्हणून ‘इंजिनने बरोबरी नाकारली’ असे कुणी म्हणाले की ती कुणाच्या निर्णयाने नाकारली गेली हे विचारावे. फिलाडेल्फिया येथे १९९६ मध्ये पाचव्या डावात गॅरी कास्पारोव्ह यांनी २३ व्या खेळीनंतर आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकापुढे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला होता. तो नाकारला डीप ब्लूच्या चमूने, आणि पुढे कास्पारोव्ह तो डाव जिंकले. न्यूयॉर्कमध्ये पुढच्या वर्षी झालेल्या सामन्यातील दुसरा डाव याहून बोलका आहे. कास्पारोव्ह यांनी ४५ व्या खेळीपाशी डाव सोडला, आणि वजीर ई३ वर नेऊन सततच्या शहांनी बरोबरी साधता आली असती हे नंतरच्या विश्लेषणात पुढे आले. यंत्राने एवढी ठळक पळवाट मोकळी सोडली नसणार, या विश्वासापोटी ती शोधलीच गेली नाही.

माझ्या लिचेस बॉटसाठी बरोबरीचा नियम कसा लावावा?

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर बॉट जोडण्यासाठी सर्रास वापरला जाणारा जोडप्रोग्रॅम याची सोय देतो. आकडा किती असावा, तो सलग किती खेळ्या तसा राहावा, पटावर जास्तीत जास्त किती मोहरे असावेत, आणि टेबलबेस बरोबरी सांगत असेल तर लगेच प्रस्ताव द्यावा का, हे सगळे त्यात ठरवता येते. मूळ मांडणीत आकडा ०, सलग १० खेळ्या आणि १० किंवा त्याहून कमी मोहरे, अशा मर्यादा दिलेल्या आहेत.

मोहऱ्यांची मर्यादा काढून टाकू नये, कारण भरल्या पटावर दहा खेळ्या शून्य येणे ही रोजची गोष्ट आहे. प्रतिस्पर्धी दुसरा बॉट असेल आणि दोघांकडेही टेबलबेस असेल, तर सिद्ध बरोबरी लगेच मान्य करून संगणकाचा वेळ वाचवावा. प्रतिस्पर्धी माणूस असेल तर हेतू काय आहे ते आधी ठरवावे लागेल. शिकणाऱ्याला सराव द्यायचा असेल तर फिलिडोरची हत्तीची तिसऱ्या आडव्या ओळीवरची बचावपद्धत त्याच्याकडून पूर्ण वठवून घेतल्याशिवाय बरोबरी देऊ नये. केवळ गुणांकन वाढवायचे असेल तर कधीच देऊ नये, पण मग असा बॉट लोकांना आवडेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

इंजिनांच्या स्पर्धांत डाव मध्येच बरोबरीत का थांबवतात?

वेळ आणि वीज वाचवण्यासाठी. स्टॉकफिशच्या चाचणीयंत्रणेत दीर्घकाळ वापरात असलेला नियम असा: ३४ व्या खेळीनंतर दोन्ही इंजिनांचा आकडा सलग ८ खेळ्या ०.२० च्या आत राहिला तर डाव बरोबरीत सोडवावा. दोन्ही इंजिनांची संमती आवश्यक असल्याने नियम सहसा निर्धोक ठरतो. मात्र एका मर्यादेची जाणीव ठेवावी. तटबंदी बरोबर ओळखणारे इंजिन शून्य दाखवते आणि न ओळखणारे +३ दाखवत राहते, तेव्हा डाव थांबत नाही. आणि दोघेही एकाच प्रकारे आंधळे असतील तर चुकीचा निकाल नोंदला जातो.

‘कंटेम्प्ट’ हा पर्याय आता का दिसत नाही?

कंटेम्प्ट म्हणजे बरोबरीला शून्याऐवजी थोडे उणे मूल्य देणे, जेणेकरून दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध इंजिन पुनरावृत्ती टाळून खेळत राहील. स्टॉकफिशमध्ये तो काही काळ होता, पण त्यामुळे विश्लेषणातले आकडे कुणाच्या खेळीची पाळी आहे त्यानुसार झुकत, आणि नंतर तो काढून टाकण्यात आला. लीलाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत विजय-बरोबरी-पराभवाच्या शक्यतांवर आधारलेला त्याचा सुधारित प्रकार आहे.

फिडेच्या नियमांत बरोबरी आपोआप कधी होते, आणि मागावी कधी लागते?

तिसऱ्यांदा तीच स्थिती आली किंवा पन्नास खेळ्या झाल्या तर खेळाडूने दावा करावा लागतो. पाचव्यांदा तीच स्थिती आली किंवा पंचाहत्तर खेळ्या झाल्या तर डाव आपोआप संपतो. कोणत्याही कायदेशीर खेळ्यांनी कुणालाच मात करता येणार नाही अशी स्थिती आली की तीही तत्क्षणी बरोबरी. ही शेवटची अट तपासणे संगणकाला वाटते तितके सोपे नसते, म्हणून अनेक सर्व्हर उरलेल्या मोहऱ्यांच्या यादीवरून ढोबळ निर्णय घेतात, आणि घड्याळ संपल्यावरचा निकाल कधी कधी पंचाने दिला असता त्याहून वेगळा लागतो.

घरच्या संगणकावर किती टेबलबेस ठेवावा?

पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच एक गीगाबाइटहून थोडा कमी आहे; तो प्रत्येकाने ठेवावा. सहा मोहऱ्यांचा संच १५० गीगाबाइटच्या आसपास जातो आणि तो एसएसडीवर असेल तरच उपयोगाचा, कारण जुन्या फिरत्या डिस्कवर वारंवार वाचन करावे लागल्याने शोधाचा वेग घसरतो. जागा कमी असेल तर शोधात वापरल्या जाणाऱ्या विजय-बरोबरी-पराभवाच्या फाइली आधी उतरवाव्यात, आणि प्रत्यक्ष खेळी निवडताना लागणाऱ्या अंतराच्या फाइली नंतर. सात मोहऱ्यांसाठी लिचेसच्या संकेतस्थळावर स्थिती टाकून उत्तर पाहणे पुरेसे आहे. तिथे प्रत्येक खेळीपुढे ती जिंकते, बरोबरी राखते की हरते हे लिहिलेले असते. बचाव शिकणाऱ्याने त्या यादीत बरोबरी राखणाऱ्या खेळ्या किती आहेत हे मोजावे. अशी खेळी एकच असेल, तर पुढच्या सरावाला तीच स्थिती पटावर मांडावी.